मागच्या सीटले ऐकू गेलं का?

फाटककाका उड्डाणपुलावर रिक्षा थांबवायचे.

पुलाखाली रेल्वेचे रूळ, पुलावर आपण, मध्ये दोन मजल्यांएवढी मोकळी हवा. तरीही पुलाच्या बरोबर मध्यावर आलो की काका सलीम रिक्षावाल्याच्या खांद्यावर बोट आपटायचे आणि म्हणायचे, "सिंगल." सिंगल म्हणजे एक घंटी, म्हणजे थांब. सलीम मुकाट रिक्षा कडेला घ्यायचा. काका उतरायचे, धोतराचा सोगा सावरत कठड्यापाशी जायचे आणि खाली वाकून आधी मुंबईकडे पाहायचे, मग नागपूरकडे, मग पुन्हा मुंबईकडे. मागे ट्रकवाले भोंगे वाजवत आणि आयाबहिणींची आठवण काढत असायचे. काकांवर काही परिणाम नाही. खात्री पटली की ते आमच्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात जाहीर करायचे, "गाडी येत नाही. यावे." मग रिक्षात बसून सलीमला म्हणायचे, "डबल." डबल म्हणजे दोन घंट्या, म्हणजे चल.

आणि मग मान वळवून मला विचारायचे, "मागच्या सीटले ऐकू गेलं का?"

मागच्या सीटवर मी एकटाच असायचो. त्यांच्यात आणि माझ्यात एक वीत अंतर.

एकदा पुलावर वाहतुकीचा हवालदार उभा होता. त्याने समजावून पाहिलं. "काका, आपण वर हावोत. गाडी खालून जाते."

"थे तुमाले माहीत हाय," काका म्हणाले. "गाडीले माहीत हाय का?"

हवालदार भला माणूस. त्याने आधी काकांकडे पाहिलं, मग खाली रुळांकडे, आणि खरं सांगतो, त्यानेही एकदा मुंबईकडे वाकून पाहिलं.

काकांचं आडनाव फाटक नव्हतं. ते गुणवंतराव ढोरे. पण लग्नाच्या पत्रिका 'श्री. फाटक' या नावानं यायच्या आणि त्या बिनचूक पोचायच्या. रत्नागिरीकडचे एक नवे बँक मॅनेजर आमच्या गावात बदलून आले होते. या मुलखात एक फाटक राहतात हे ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला. ते मुद्दाम भेटायला गेले आणि हात जोडून म्हणाले, "आपण कुठले फाटक?"

"तेल्हारा रोडचे," काका म्हणाले. "बिनचौकीदाराचे."

मॅनेजरसाहेब ठेचा-भाकर खाऊन, डोळे पुसत परत आले. पुन्हा कुणाचं मूळ गाव विचारायला गेले नाहीत.

काका एस.टी.त कंडक्टर होते. ज्या रेल्वे फाटकावर चौकीदार नसतो, तिथे बस आली की कंडक्टरने खाली उतरावं, रुळापर्यंत चालत जावं, दोन्ही बाजूंना पाहावं, आणि मगच बस पुढे घ्यायला सांगावं, असा नियम आहे. बहुतेक कंडक्टर हा नियम दारातून मान बाहेर काढून पाळायचे. काकांनी तो दोन्ही पायांनी पाळला. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत चपला रुतून बसतात, तेव्हा चपला हातात घेऊन पाळला. नुसतं रुळापर्यंत जाऊन ते थांबायचे नाहीत. बाभळीच्या आड वळण दिसत नसेल तर रूळ ओलांडून पलीकडे जायचे आणि तिथून पाहायचे. बसमधले लोक कंटाळून म्हणायचे, "कंडक्टर पायीच गेला वाटते घरी."

निवृत्तीला निरोपाचा नारळ मिळाला, शाल मिळाली, नियम मात्र परत घ्यायचं राहून गेलं. ते पुढे बैलगाडीतून उतरले, मोटारसायकलवरून उतरले, ट्रॅक्टरवरून उतरले. पुतण्याच्या लग्नाची वरात त्यांनी रुळावर अडवली. नवरदेव घोड्यावर, बँडवाले गालफडं फुगवून उभे, मुहूर्त टळत आलेला, भटजी घड्याळ दाखवताहेत, आणि डोक्याला फेटा बांधलेले काका रुळाच्या मध्ये उभे राहून दोन्हीकडे पाहताहेत. "गाडी येत नाही. यावे," असं झाल्यावरच बँड पुन्हा सुरू झाला. गंमत म्हणजे पुढच्या लग्नात तोच घोडा रुळापाशी आपोआप थांबला आणि काही केल्या हलेना. शेवटी काकांना घरून बोलावून आणावं लागलं. ती गोष्ट त्यांनी पुढे दहा वर्षं वापरली. "घोड्याले समजलं बाप्पा. तुमाले काहून नाई समजत?"

मला हे सगळं 'होते' आणि 'म्हणायचे' असं लिहावं लागतं आहे. काकांना जाऊन महिना झाला. गावातल्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं नीट लावून ठेवण्याचं काम केलं, त्यामुळे स्वतः लिहायला बसलो की एका वाक्याला एक दुपार लागते. तर ते असो.

आमचं गाव मूर्तिजापूर-अचलपूर या छोट्या लाइनीवरचं. छोटी लाइन, छोटे डबे आणि इंजिनाला कसलीच घाई नाही. त्या गाडीच्या मंदपणावर गावात इतके विनोद होते की ते एकमेकांना सांगताना लोक स्टेशनवर गाडी यायच्या आत दमून जायचे. पुढच्या डब्यातून उतरावं, शेतातला हरभरा उपटावा आणि मागच्या डब्यात बसून सोलत जावं, हा एक. इंजिनवाल्याने रुळाकडेच्या म्हातारीला "बसते का माय?" असं विचारलं, तर ती म्हणाली, "नाई रे बाप्पा, मले घाई हाय," हा दुसरा.

काका या विनोदांना कधीही हसले नाहीत. एरवी ते वात्रट होते, तेराव्याच्या पंगतीतसुद्धा हसवायचे. पण छोट्या गाडीचा विनोद निघाला की त्यांचा चेहरा तिकिटाच्या पेटीसारखा बंद व्हायचा. "हळू येते म्हणून काय झालं?" म्हणायचे. "हळू येते थे बी येतेच." आणि उठून जायचे.

मग ती गाडी बंद झाली. लाइन मोठी करणार, असं कळलं. कधी, ते कुणालाच कळलं नाही. रूळ तसेच राहिले आणि गावाने त्यांचा हळूहळू संसारात उपयोग करून घेतला. कुणी त्याला म्हैस बांधली, कुणी त्यावर गोधड्या वाळत घातल्या. सोमवारचा बाजार आधी रुळाच्या अलीकडे भरायचा, मग पलीकडेही भरू लागला, मग थेट रुळांवरच भरू लागला. सुगंधाबाई भाजीवाली तर रुळावर पाट ठेवून त्यावर बसायची, म्हणजे पाठीला वारा लागतो, असं तिचं म्हणणं.

काका घरून वाचनालयात यायला निघाले की हे रूळ मध्ये यायचे. जाताना एकदा, येताना एकदा. दोन्ही वेळा ते थांबायचे, दोन्हीकडे पाहायचे आणि म्हशीला, गोधड्यांना आणि सुगंधाबाईला उद्देशून जाहीर करायचे, "गाडी येत नाही. यावे."

"बुढ्या," सुगंधाबाई म्हणायची, "तुही गाडी गेली सासरी! आता वापस नाई येत थे."

"रूळ निजला हाय सुगंधा, मेला नाई. आन् तुले सांगून ठेवतो, थो रूळ हाय, तुह्या बापाचा ओटा नोहे."

"माह्या बापाचा नोहे, तुह्या तरी बापाचा हाय का? मेथी घे नाई तं सरक."

काका मेथी घ्यायचे आणि सरकायचे.

मोठ्या लाइनीच्या बाबतीत ते जास्त कडक होते. अकोल्याला कामाला गेलो आणि वाटेतलं फाटक बंद असलं, की रिक्षातून उतरून ते तिथे जमलेल्या लोकांचा वर्ग घ्यायचे. एका कॉलेजकुमाराच्या कानातली वायर त्यांनी सरळ ओढून काढली. "कान भाड्यानं देल्ले काय बे?" बंद फाटकाखालून मोटारसायकल तिरपी करून काढणाऱ्याला ते शांतपणे म्हणाले, "आज गाडी आडवी करून राहिला, उद्या घरचे तुले आडवा नेतीन." आणि एक गाडी धडधडत गेली की सगळे बटण दाबल्यासारखे पुढे सरकायचे, तेव्हा काका दोन्ही हात पसरून उभे. "थांबा. एक गेली म्हणजे झालं असं नसते. एकीच्या आडून दुसरी येते, पाहुण्यायसारखं." हे बोलताना दुसऱ्या रुळावरून खरोखरच दुसरी गाडी आली तर त्यांना जो आनंद व्हायचा, तो आम्ही लग्नकार्यातही त्यांच्या तोंडावर पाहिला नाही. "मागच्या सीटले ऐकू गेलं का?" ते सगळ्या रांगेला विचारायचे.

आता त्यांच्या भाषेबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

काका चोवीस तास वऱ्हाडी बोलायचे. मले, तुले, काहून, कोठी. झोपेतही वऱ्हाडीच घोरत असतील. पण रूळ आला की त्यांच्या तोंडून शाळेच्या पुस्तकातली भाषा यायची. 'गाडी येत आहे. थांबावे.' 'गाडी येत नाही. यावे.' ही चार वाक्यं, बस. स्टेशनवरच्या भोंग्यासारखी, पण त्यापेक्षा प्रेमळ.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे 'येत आहे' कुणी म्हणत नाही. आम्ही 'येऊन राहिलो' म्हणतो. 'मी जेवून राहिलो' म्हणजे मी जेवतो आहे. जेवून झाल्यावर तिथेच मुक्काम ठोकला, असा त्याचा अर्थ नाही. त्यामुळे 'गाडी येऊन राहिली' हे वाक्य गावातलं शेंबडं पोरही दिवसातून चारदा म्हणायचं. काका मात्र हे वाक्य सहन करायचे नाहीत. बसबद्दल म्हटलेलं चालायचं. पाहुण्यांबद्दल चालायचं. रेल्वेबद्दल कुणी म्हटलं, की एकदम अंगावर यायचे. "येत आहे म्हणा!"

लोकांना वाटायचं, म्हातारा पुणेरी व्हायला पाहतोय. मीही एकदा थट्टेनं विचारलं, "काका, एवढ्या रुळापुरतं पुणं कुठून येतं?"

"गाडीची भाषा थीच हाय, सर," ते म्हणाले, आणि विषय बदलून माझ्या वाचनालयातल्या उंदरांवर आले.

पुण्याकडचं त्यांच्या घरात खरं म्हणजे एकच माणूस होतं, काकू. सासवडच्या. अकोल्याला त्यांचे मामा नोकरीला होते, त्यांनी हे स्थळ जुळवलं. काकू चाळीस वर्षं वऱ्हाडात राहिल्या, वऱ्हाडी ठेचा त्यांनी आमच्या बायकांना शिकवण्याइतका आत्मसात केला, पण 'मले-तुले' त्यांच्या तोंडी कधी बसलं नाही. डाव्या पायाने त्या लंगडायच्या. पायात नेहमी मोजा. कुणी विचारलं की म्हणायच्या, "नवी नवरी होते, माहेरच्या पायऱ्यांवरून पडले. धांदरट मेली." आणि हसायच्या. काका त्या वेळी हमखास अंगणात काहीतरी शोधायला जायचे.

सहा वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेराव्यानंतर दोन-तीन दिवसांनी काका दुपारी चार वाजता वाचनालयात आले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, माझ्यासमोर पेपर सरकवला आणि म्हणाले, "वाचा."

"चष्मा बदलायला झाला का काका?"

"वाचा तुमी."

मला वाटलं, मोतीबिंदू असेल. मी वाचू लागलो. मी इथलाच, पण मराठी शिकलो पुस्तकांतून, बोलतोही पुस्तकासारखा, त्याबद्दल शाळेत पुष्कळ मार खाल्ला आहे. त्या दिवसापासून रोज चार वाजता मी मोठ्याने पेपर वाचायचो आणि काका डोळे मिटून ऐकायचे. त्यांना बातमी कुठली याचं काही नव्हतं. हवामानाचा अंदाज, बियाण्यांच्या जाहिराती, मंत्र्याचं भाषण, निविदा, काहीही. मधूनच म्हणायचे, "सर, थे वाक्य पुन्यांदा." ते वाक्य बहुधा 'कमी दाबाचा पट्टा विदर्भाकडे सरकत आहे' अशा थाटाचं असायचं. मी पुन्हा वाचायचो. "हां," म्हणायचे. म्हटलं, वय झालं, समजायला वेळ लागतो. खिडकीतून पलीकडच्या स्टँडवरच्या बसचा नंबर तेच मला वाचून दाखवायचे, ही गोष्ट माझ्या शिकलेल्या डोक्यात आली नाही.

आता तो सोमवार.

बाजार भरलेला. सकाळचे अकरा वाजले असतील. एक चादरीवाला भोंग्यावर गळा काढून 'दोन घ्या, एक न्या' असं काहीतरी उलटंसुलटं ओरडत होता. मी वाचनालयाच्या पायरीवर उभा होतो. पलीकडून काका पिशवी घेऊन येताना दिसले. रुळापाशी थांबले. मूर्तिजापूरकडे पाहिलं. अचलपूरकडे पाहिलं. आणि तसेच पाहत राहिले.

लाइन मोठी करायची म्हणून मोजणी करणारे लोक त्या दिवशी यायचे होते, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. रुळांवरून ढकलत नेतात तसली ट्रॉली, तिच्यावर लाल छत्री, छत्रीखाली साहेब, आणि मागे ढकलणारी माणसं आता ढकलायचं सोडून तिच्यावरच बसलेली. कॅनॉलकडून गावापर्यंत उतार आहे. ट्रॉली आपली आपण येत होती, आणि चांगली वेगात येत होती. ती माणसं ब्रेक दाबत होती, शिट्ट्या मारत होती. चादरीवाल्याच्या भोंग्यापुढे काही ऐकू येत नव्हतं.

काकांनी हात वर केला. "गाडी येत आहे! थांबावे!"

"येऊ द्या काका!" कुणीतरी ओरडलं. "यावे, यावे!" दुसऱ्यानं त्यांची नक्कल केली. सगळे हसले. सुगंधाबाई रुळावर, पाटावर, ट्रॉलीकडे पाठ करून वांगी रचत होती. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही.

"गाडी येत आहे!" काकांचा आवाज फाटला. "थांबावे! सुगंधा, थांबावे!"

"थांबलेलीच हावो मी सकाळपासून," सुगंधाबाई म्हणाली. "तू सरक."

काकांनी पिशवी टाकून दिली. मी त्यांचं तोंड पाहिलं. एखाद्याच्या घरच्या माणसाला त्याच्या डोळ्यांदेखत विहिरीत ढकलावं तसं ते झालं होतं. मग त्यांनी असा आवाज काढला, जो मी त्याआधी किंवा नंतर कधी ऐकला नाही.

"अवो उठा! ऊठ वो सुगंधा! गाडी येऊन राहिली! गाडी येऊन राहिली!"

अख्खा बाजार उभा राहिला. ज्या माणसाच्या तोंडून हे वाक्य जन्मात कुणी ऐकलं नव्हतं, त्याच्या तोंडून ते आलं म्हणजे गाडी येऊनच राहिली असणार, एवढं गावाला बरोबर कळलं. लोक रुळांवरून बाजूला फेकल्यासारखे झाले. सुगंधाबाईनं पाट सोडला, टोपली सोडली आणि तिच्या वयाला न शोभणारी उडी मारली. ट्रॉली करकरत आली, पाट उडवला, वांग्यांच्या टोपलीचं भरीत केलं आणि थांबली. छत्री साहेबांच्या डोक्यावर मिटली.

सुगंधाबाईनं आधी वांग्यांबद्दल साहेबांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. मग काकांकडे वळली. "बुढ्या! असं आधीच बोलाले काय झालं होतं तुले? येत आहे, येत आहे! हे काय माणसायचं बोलणं हाय?"

लोकांनी काकांना खांद्यावर घ्यायची तयारी केली होती. पण काका तिथे नव्हते. ते वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसले होते. मी पाणी दिलं. ते अर्धं सांडलं.

"सर," ते म्हणाले, "म्या थे वाक्य पुन्यांदा बोललो."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"तवा मी दारव्ह्याले होतो," ते म्हणाले. "मूर्तिजापूरहून दुसरा फाटा जाते नं, तिकडं. हीच छोटी लाइन. लग्नाले वीस दिवस झाले होते. तिले माह्याच बसमधे घेऊन चाललो होतो. समोर बसवलं तं ड्रायव्हर मजाक करन, म्हणून मागच्या सीटवर बसवलं. फाटक आलं. मी उतरलो. बाभळी होत्या, म्हणून रूळ ओलांडून तिकडं गेलो. पाहतो तं गाडी. म्या आवाज देल्ला, गाडी येऊन राहिली! ड्रायव्हर आपल्याकडचा. त्याले समजलं. त्यानं बस नाई हालवली."

ते उरलेलं पाणी प्यायले.

"माही वाजवाची सिटी सीटवर राहिली होती. थे द्याले ही खाली उतरली. मागच्या दारातून. आन् तिच्याकडं, सर, गाडी येऊन राहिली म्हणजे काय?"

मला कळलं. गाडी आली आणि थांबून राहिली. आता भीती नाही. आता ओलांडायला हरकत नाही.

"सिटी हातात घेऊन हासत आली," काका म्हणाले. "हळूच गाडी होती. तुमी सारे हासता नं, तेवढीच हळू. हळू गाडी लय वेळ येते, सर. मी धावलो. तिले ओढलं. पाय तेवढा राहिला. अर्धा पंजा."

चादरीवाला पुन्हा सुरू झाला होता. दोन घ्या, एक न्या.

"दवाखान्यात म्या इचारलं, मागच्या सीटले ऐकू नाई गेलं का वो? तं म्हणे, 'ऐकू गेलं हो. समजलं नाही.' मंग तिनंच शिकवलं मले. खाटेवर पडल्या पडल्या. म्हणा, गाडी येत आहे. म्हणा, यावे. माहं चुकलं की हासे. तिथून बदली मागून अथी आलो. लोकाइले सांगे, माहेरच्या पायऱ्यावरून पडले. मरेपर्यंत थेच सांगितलं. माहं नाव नाई येऊ देल्लं."

मग उठता उठता, अगदी सहज, किराणा सांगावा तसं म्हणाले, "चष्मा चांगला हाय माहा, सर. तिच्यासारखं बोलणारं गावात आता तुमीच एक."

त्या दिवशी चार वाजता ते नेहमीप्रमाणे आले. मी पेपर उघडला आणि हवामानापासून सुरुवात केली. 'येत आहे' आलं की मी आपणहूनच दोनदा वाचत होतो.

पुढच्या सोमवारी सुगंधाबाई पुन्हा रुळावर. नवा पाट. मी तिला म्हणालो, तर म्हणाली, "गाडी आली एकदा. गिऱ्हाईक रोज येते, सर." काकांचं 'गाडी येत नाही, यावे' पुन्हा सुरू झालं, आणि "मेथी घे नाई तं सरक"ही.

गेल्या महिन्यात काका दुपारच्या झोपेत गेले. चार वाजले तरी आले नाहीत, म्हणून मीच बघायला गेलो होतो.

आमचा मसणवटा रुळाच्या पलीकडे आहे. नगरपालिकेच्या स्वर्गरथाचा ड्रायव्हर रजेवर होता, म्हणून सलीम चालवायला बसला. मी त्याच्या शेजारी. काका मागे. गाव चालत होतं. रुळापाशी आलो आणि सलीमने गाडी थांबवली. "सिंगल," तो स्वतःशीच म्हणाला. मागे गाव थांबलं. भोंगा नाही, शिव्या नाहीत. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी उतरलो. रुळाच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. सुगंधाबाईनं आपला पाट रुळावरून उचलला आणि पोटाशी धरून बाजूला उभी राहिली. मी मूर्तिजापूरकडे पाहिलं. अचलपूरकडे पाहिलं. पुन्हा मूर्तिजापूरकडे पाहिलं. रूळ गवतात दूरपर्यंत गेलेले दिसत होते, आणि त्यांच्यावर काहीही नव्हतं.

"गाडी येत नाही," मी म्हणालो. "यावे."

सलीमने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्याचे डोळे लाल होते.

"सर, जरा जोरात," तो म्हणाला. "मागच्या सीटले ऐकू नाई गेलं."

मी पुन्हा म्हटलं. आयुष्यात वाचनालयात कधी बोललो नाही इतक्या मोठ्यानं म्हटलं. सलीमने भोंगा दोनदा वाजवला आणि गाडी रुळांवरून सावकाश पलीकडे नेली.